स्तेफानोपोली : एका आडनावाच्या मागे मागे

सकाळचे नऊ वाजलेत. तुम्ही कॉर्सिका बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्जेझ नावाच्या गावात, एका चर्चच्या कठड्याला टेकून उभे आहात. खाली लहानशी दरी, तिच्यात कुणाकुणाचे भाजीचे वाफे आणि फळझाडं. दरीच्या पलीकडच्या काठावर, थेट तुमच्याकडे तोंड करून, दुसरं चर्च. पलीकडचं लॅटिन, अलीकडचं ग्रीक. दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. गावाची वस्ती तेराशेच्या आसपास, आणि एवढ्याशा गावात प्रार्थनेच्या दोन रीती समोरासमोर. कित्येक वर्षं दोन्हीकडची उपासना एकच धर्मगुरू सांभाळत होता. एक रविवार इकडे, पुढचा तिकडे.

आत या. डोळे अंधाराला सरावू द्या. गाभारा आणि भाविक यांच्यामध्ये देवचित्रांची भिंत आहे, ग्रीक चर्चमध्ये असते तशी. तिथल्या जुन्या चित्रांत एक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं आहे. त्याला पंख आहेत. सोनेरी पार्श्वभूमीवर काळवंडलेला, हडकुळा, विस्कटलेल्या केसांचा योहान आणि त्याच्या खांद्यांतून फुटलेले ते मोठे पंख. हे चित्र या बेटावरचं नाही, साडेतीनशे वर्षांपूर्वी ते गलबतातून इथे आलं. ज्या माणसांनी ते आणलं त्यांची भाषा आज या गावात कुणाचीच मातृभाषा नाही. चित्रं उरली, प्रार्थना उरल्या आणि आडनावं उरली.

त्यांतलं एक आडनाव मनात धरून ठेवा: स्तेफानोपोली. आजचा प्रवास त्याच्यामागून आहे, आणि तो उलटा आहे, आजपासून मागे. आडनावाचं मूळ शोधायचं तर असंच जावं लागतं. घरातलं जुनं कपाट खरवडताना रंगाचा एकेक थर निघत जातो आणि शेवटी लाकूड दिसतं, तसं.

निघण्याआधी एक प्रश्न मिटवू. हे नाव आज किती जणांचं आहे?

आडनाव ग्रीसमध्ये शोधलंत तर तुम्हाला ते भरपूर भेटेल, फक्त शेवट वेगळा असेल: स्तेफानोपुलोस. 1995 ते 2005 ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष होते कोन्स्तान्तिनोस स्तेफानोपुलोस, पात्रा शहराचे. 1965-66 मध्ये पंतप्रधान होते स्तेफानोस स्तेफानोपुलोस, तेही त्याच पेलोपोनीझ द्वीपकल्पातले. म्हणजे शेवटी ‘पुलोस’ असेल तर हे नाव राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचलेलं. आणि त्याच जागी ‘पोली’ आलं की ते या एका गावाचं आणि गावातून पांगलेल्या घरांचं. आडनावाची दुर्मीळता अशी एका अक्षरावर तोललेली असते. आपल्याकडे सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसेच ग्रीसमधले सगळे स्तेफानोपुलोस एका कुळातले नव्हेत. स्तेफानोस नावाचा पूर्वज कुणाच्याही घरात असू शकतो. पण स्तेफानोपोली भेटला, तर तो कुठून आला हे त्याला विचारायची गरज नसते.

फ्रान्सची सांख्यिकी संस्था आडनावांची मोजदाद जाहीर करते, ती जन्मनोंदींवरून. 1891 पासून किती मुलं त्या आडनावाने जन्मली आणि कुठल्या जिल्ह्यात, एवढं तिच्यात कळतं. त्यांतली किती आज हयात आहेत, ते कळत नाही. ज्यांच्या नोंदी फारच थोड्या, ती नावं ‘इतर नावे’ अशा एकाच ओळीत जमा केली जातात. त्यातून या घराण्याच्या एका शाखेने नावाला ‘द कोम्नेन’ अशी शेपटी जोडली. यादीच्या लेखी ते झालं वेगळं आडनाव, जरी पणजोबा एकच असला तरी. मोजणारा अक्षरं मोजतो आणि कुळ अक्षरांच्या बाहेर सांडतं. म्हणून हातात आकडा घेऊन निघू नका. त्यापेक्षा गावात फिरा, टपालपेट्यांवरची नावं वाचा. स्तेफानोपोली. पापादाच्ची. द्रागाच्ची. फ्रांगोलाच्ची. ‘च्ची’वर संपणाऱ्या या नावांकडे नीट लक्ष ठेवा. त्यांचं कोडं मागे गेल्यावर सुटणार आहे.

चला मागे. साल 1976.

गाव हेच, चर्च हेच. गावात एक मरण झालंय. या बेटावर आईच्या तोंडून ग्रीक शिकलेलं शेवटचं माणूस गेलंय. तुम्ही दाराशी उभे राहून आत बसलेल्यांचं बोलणं ऐकता. हळहळ फ्रेंचमध्ये आहे, अधूनमधून कॉर्सिकन. तीनशे वर्षं टिकलेली बोली आज थांबली, आणि तिच्याविषयी वाटणारं दुःखसुद्धा दुसऱ्याच भाषेत बोललं जातंय.

आणखी चाळीसेक वर्षं मागे गेलात तर याच गल्लीत वही घेऊन हिंडणारा एक डच अभ्यासक दिसेल, ब्लांकेन. तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून शब्द टिपतोय. कार्जेझच्या ग्रीक बोलीवरचा त्याचा ग्रंथ 1951 मध्ये निघेल. तो येतो तेव्हाच बोलणारे मोजके उरलेत. कारणं तुम्हाला इथे उभ्याउभ्या दिसतील. शाळा फ्रेंच. सून कॉर्सिकन घरातली, जावई कॉर्सिकन घरातला. घरात दोन भाषा आल्या की ज्या भाषेत पगार मिळतो ती जिंकते. कुणी कुणावर जुलूम केलेला नाही. म्हणून तर ते थांबवता आलं नाही.

1874. गावात बोचकी बांधली जातायत. घरं लहान, जमीन थोडी, आणि फ्रेंच सरकार अल्जीरियात जमीन देतंय. काही कुटुंबं समुद्र ओलांडून कोन्स्तान्तीनच्या बाजूला सिदी मेरुआन नावाची वसाहत उभी करतील. ती ज्या जमिनीवर उभी राहील ती दुसऱ्या कुणाच्या हातून गेलेली असेल, हेही इथेच नोंदवून ठेवायला हवं. ग्रीक नावं आता आफ्रिकेत पोहोचतील आणि 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर पुन्हा बोचकी बांधून फ्रान्सला परततील. या नावाच्या नशिबी बोचकी फार आहेत.

पुढचा मुक्काम लांबचा, नेपोलियनचा काळ. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण एका आडनावाचा अर्थ लावता लावता माणसं काय काय करून बसतात, ते इथे दिसतं.

1797. इटलीत विजयी झालेला तरुण सेनापती बोनापार्ट मानीच्या बेला, म्हणजे तिथल्या मुख्य सरदाराला, त्सानेतोस ग्रिगोराकिसला, दोस्तीचा निरोप पाठवतोय. निरोप नेणारा माणूस त्याने मुद्दाम निवडलाय: दिमो स्तेफानोपोली. मानी म्हणजे ग्रीसच्या दक्षिण टोकाचा तो खडकाळ भूभाग, जिथून हे कुळ निघालं. (मराठी कानाला ‘मानी’ हा शब्द जसा ऐकू येतो तशीच तिथली माणसं होती. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.) सव्वाशे वर्षांनी कुळातला एक माणूस पूर्वजांच्या भूमीवर पाय ठेवतोय. त्याचं आणि त्याच्या पुतण्याचं प्रवासवर्णन 1800 मध्ये प्रसिद्ध होईल.

त्यातच एक विलक्षण दावा आहे. मानीचे लोक म्हणतात, बोनापार्ट आमचाच. पुरावा काय? कॉर्सिकाला गेलेल्यांत कालोमेरोस नावाचं घर होतं. ग्रीकमध्ये ‘कालो मेरोस’ म्हणजे चांगला भाग. इटालियनमध्ये चांगला भाग म्हणजे ‘बुओना पार्ते’. झालं! पुढे आब्रान्तेसची डचेस लोर ज्यूनो हीच गोष्ट आपल्या आठवणींत रंगवून सांगेल, आणि तिची आई होती पानोरिया, जन्माने स्तेफानोपोली. गोष्ट गोड आहे आणि खोटी आहे. मानीची माणसं कॉर्सिकाला पोहोचली त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीपासून बोनापार्ट घराणं कॉर्सिकातल्याच अजाक्सिओ शहरात नांदत होतं.

पण अशी गोष्ट लोकांना पटते, कारण आडनावांचं भाषांतर खरोखर होत असे. मानीतल्या वितिलो गावात स्तेफानोपुलोस कुळाशी वैर असलेलं यात्रानी नावाचं कूळ होतं. ‘यात्रोस’ म्हणजे वैद्य. इटालियनमध्ये वैद्य म्हणजे ‘मेदिको’. तेवढ्यावर या कुळाने फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याशी नातं सांगितलं आणि 1670 नंतर लगेच ते टस्कनीला, मेदिचींच्या राज्यात, राहायला निघून गेलं. तिथे ते विरघळून गेलं. ज्या नावाच्या जोरावर आसरा मिळाला, ते नाव टिकलं नाही. वैरी मात्र टिकले, बहुधा म्हणूनच की त्यांना आपल्या नावाचं भाषांतर करता आलं नाही.

1794. पॅरिसमध्ये क्रांतीच्या सरकारने कायदा केलाय, 23 ऑगस्टला: जन्मदाखल्यात आहे त्याहून वेगळं नाव किंवा आडनाव कुणी लावायचं नाही. त्याआधी, 1792 मध्ये, जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिल्या गेल्या. तुम्ही त्या कारकुनाच्या टेबलाजवळ उभे आहात. कारकून पीस शाईत बुडवतो, निथळवतो, कानावर आलेलं नाव लिहितो. आजवर हेच नाव कधी एक प, कधी दोन, कधी ‘फ’ एका अक्षराने तर कधी ‘पीएच’ अशा दोन अक्षरांनी लिहिलं जायचं. आता शाई वाळली की संपलं. माणसाच्या तोंडात नाव हलतं राहतं, पण कागदावर ते थिजतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट थिजली. ग्रीकमध्ये बाईचं आडनाव वेगळ्या रूपात असतं. वडील स्तेफानोपुलोस, मुलगी स्तेफानोपुलू: ‘स्तेफानोपुलोसची’. पापादाकिसची मुलगी पापादाकी. बापलेकीच्या नावातलं ते अंतर, बेटावर आधी राज्य करणाऱ्या जेनोवाच्या आणि नंतर फ्रेंचांच्या वह्यांत मावलं नाही. बाप आणि लेक दोघेही स्तेफानोपोली.

1782. राजाचा दरबार. दिमित्रिओ स्तेफानोपोली नावाच्या घोडदळातल्या कप्तानाला सोळाव्या लुईने सनद दिलीय. तिच्यात मान्य केलंय की हा कप्तान कोम्नेनोस सम्राटांच्या वंशातला. कोम्नेनोसांचा शेवटचा सम्राट, त्रापेझुन्तचा दावीद, 1461 मध्ये तुर्कांना शरण गेला आणि 1463 मध्ये मारला गेला. त्याचा एक मुलगा वाचला, मानीत आला आणि त्याच्यापासून आम्ही, ही कुळकथा. इतिहासकारांनी या कथेमागची कागदपत्रं मानलेली नाहीत. मलाही ती पटत नाही. पण त्या कप्तानाकडे नुसतं ‘थापाड्या’ म्हणून बघू नका. शंभर वर्षं ज्यांना बेटावर ‘ते ग्रीक’ म्हणून हिणवलं गेलं, तीनदा घर बांधून दोनदा घर सोडावं लागलं, त्या घरातल्या मुलाला आपल्या नावामागे एक सिंहासन असावंसं वाटलं. ‘द कोम्नेन’ ही शेपटी तिथून आली.

1774. चुन्याचा वास. फ्रान्सने कॉर्सिका जेनोवाकडून घेऊन सहा वर्षं झालीत. राजाचा राज्यपाल मार्बफ ग्रीकांसाठी नवं गाव बांधून देतोय, समुद्रावरच्या उतारावर रांगेने 120 घरं. तेच हे कार्जेझ. ज्या गल्लीत तुम्ही सकाळी टपालपेट्या वाचल्यात ती आत्ता नुसती दोरीने आखलेली आहे. मजूर दगड वाहतायत. अजाक्सिओहून चौकशीला आलेली एक म्हातारी एका अर्धवट भिंतीवर हात ठेवून उभी आहे. तिचा जन्म पाओमिया नावाच्या आधीच्या वस्तीतला, तारुण्य अजाक्सिओतलं, आणि म्हातारपण या भिंतीआड जायचंय. (शांतता फार दिवस टिकणार नाही. 1793 मध्ये शेजारचे पुन्हा चालून येतील, गाव पुन्हा रिकामं होईल आणि काही वर्षांनी भरेल.)

1731. इथे थांबायला वेळ नाही, धावावं लागेल. दोन वर्षांपूर्वी कॉर्सिकन शेतकऱ्यांनी जेनोवाच्या करांविरुद्ध उठाव केला. ग्रीकांना जमीन जेनोवाने दिलेली, ते जेनोवाच्या बाजूने राहिले. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत ते आधीच खुपत होते: आमच्या गुरांची कुरणं या परक्यांना दिली. खरं सांगायचं तर त्या शेजाऱ्यांचा राग मला समजतो. सत्ताधारी दुसऱ्याची जमीन उचलून निर्वासिताला देतो, आणि मग दोघं दुबळे एकमेकांच्या उरावर बसतात. बायकामुलं होड्यांनी अजाक्सिओकडे निघालीत. सव्वाशेच्या आसपास पुरुष ओमिन्याच्या टेहळणी बुरुजाशी अडकलेत. मागे समुद्र, पुढे बंदुका. शेवटी वेढा फोडून ते निसटतात. तो बुरूज आजही टेकाडावर उभा आहे. अजाक्सिओत त्यांना उपासनेसाठी किनाऱ्यावरचं एक छोटं प्रार्थनागृह मिळालं. त्याला अजूनही ‘ग्रीकांचं’ म्हणतात.

1676, मार्च. पाओमिया.

डोंगरउतारावर झाडोरा माजलाय, आणि गलबतांतून उतरलेली माणसं तो तोडतायत. जेनोवाशी करार झालाय: जमीन मिळेल, बियाणं मिळेल, पण पोपची सत्ता मानायची. रीत ग्रीकच ठेवा, भाषाही ग्रीकच. एक अधिकारी आणि त्याचा लेखनिक माणसांची यादी करायला आलेत. ही भेट अशीच झाली असेल, असं मी म्हणत नाही. पण कुठल्या ना कुठल्या टेबलापाशी ती झाल्याशिवाय सकाळी वाचलेल्या त्या टपालपेट्या तशा झाल्या नसत्या. लेखनिकाच्या खांद्यावरून डोकवा.

पुढे एक दाढीवाला आहे. नाव? तो सांगतो. ग्रीसमधल्या आजच्या शाळेत ते ‘पापादाकिस’ असं वाचतील. ‘पापास’ म्हणजे धर्मगुरू, ‘आकिस’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय. भटजींचा पोरगा, असं समजा. पण हा माणूस शाळेतलं ग्रीक बोलत नाही, तो मानीचा आहे. मानीच्या बोलीत, क्रीटमध्येही, ‘की’चा उच्चार ‘ची’कडे झुकतो. तो ‘पापादाचिस’ असं काहीतरी म्हणतो. लेखनिक जेनोवाचा. ‘आच्ची’ हा शेवट त्याच्या कानाला घरचाच. शब्दाच्या शेवटचा ‘स’ त्याला नकोसा, कारण इटालियन शब्द असे ‘स’वर संपत नाहीत. पीस फिरतं: पापादाच्ची.

पुढचा माणूस. द्रागाच्ची. त्यापुढचा. फ्रांगोलाच्ची. या नावाच्या पोटात ‘फ्रांगोस’ दिसतो, म्हणजे पश्चिमेकडचा माणूस. आपल्याकडे आलेला ‘फिरंगी’ त्याच मुळाचा.

मग ते मोठं कूळ येतं. या ताफ्यातला सगळ्यात मोठा घोळका त्यांचाच. स्तेफानोपुलोस. लेखनिक ‘पुलोस’शी जरा अडखळतो. नापोलीपासून (आपलं नेपल्स) कोस्तान्तिनोपोलीपर्यंत ‘पोली’वर संपणारी गावं त्याने ऐकलीत. ‘ओ’ जवळचा, ‘स’ गाळलेला. स्तेफानोपोली.

सकाळपासून जपून ठेवलेलं कोडं इथे उलगडतं. आज मानीत गेलात तर तिथली आडनावं ‘आकोस’वर आणि ‘एआस’वर संपतात. ग्रीक माणूस ‘आकोस’ ऐकला की डोळे मिटून म्हणतो, मानीचा. ‘आकिस’ ऐकला की म्हणतो, क्रीटचा. मग मानीहून निघालेल्यांची नावं ‘आकिस’वर कशी? कारण ते निघाले तेव्हा मानीतही ‘आकिस’ चालत होता. तिथला रिवाज नंतर बदलला. इथे परक्या लेखनिकाच्या हातून चुकीचं लिहिलं गेलं म्हणून ते बदलायचं राहून गेलं. वितिलोत आज जे ऐकू येत नाही ते कार्जेझच्या टपालपेटीवर आहे: 1675 मधल्या मानीचा प्रत्यय आणि बहुधा तिथला उच्चारसुद्धा. ग्रीसच्या दृष्टीने ज्यांनी आपली नावं इटालियन करून टाकली, त्यांनीच ती सगळ्यात जुनी राखली. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही आहे.

हिवाळा मागे टाका. जेनोवाच्या गोदीत ही माणसं 1 जानेवारीला उतरली. वाटेत आणि तिथल्या थंडीत बरेच जण दगावले. त्याच्याही मागे. ऑक्टोबर 1675.

रायगडावरच्या राज्याभिषेकाला सव्वा वर्ष झालंय, एवढं मनाशी ठेवा म्हणजे काळ कळेल. तुम्ही वितिलोच्या खाडीत आहात. होमरच्या इलियडमधल्या जहाजांच्या यादीत या गावाचं नाव आहे, एवढं हे जुनं, आणि आजचं नाव ईतिलो. वर उतारावर दगडी मनोरे, प्रत्येक घर म्हणजे एक गढी, कारण शेजारी म्हणजे बहुतेक वेळा वैरी. घळीपलीकडे केलेफाचा नवा तुर्की किल्ला. सहा वर्षांपूर्वी क्रीटमधलं कांदिया वीस वर्षांहून लांबलेल्या वेढ्यानंतर पडलं, आणि मोकळं झालेलं तुर्की सैन्य इकडे वळलं. त्यात घराघरांतले सूड. लिबेराकिस नावाच्या मानीच्या चाच्याने एका मुलीच्या प्रकरणावरून स्तेफानोपुलोसांचे पस्तीस जण मारले, असं इथे सांगतात. कारण तुर्क की भाऊबंदकी, हे आता सुटं करता येणार नाही. पोट भरेल एवढी माती या खडकांत नव्हतीच.

फ्रेंच कप्तानाचं गलबत खाडीत उभं आहे. सातशे तीसच्या आसपास माणसं किनाऱ्यावर. बिशप आहे, भिक्षू आहेत, तान्ही मुलं आहेत. एक जण लाकडी फळी घोंगडीत गुंडाळून छातीशी धरून होडीत चढतोय. घोंगडीची एक बाजू सुटलीय आणि तिच्यातून एका पंखाचं टोक दिसतंय, सोनेरी. तुम्ही त्याला सकाळीच पाहिलंय.

बाया वरच्या मनोऱ्यांकडे बघत मानीचं शोकगीत म्हणतायत. या भागात मेलेल्यासाठी गातात ते, इथे जाणाऱ्यासाठी. तुम्ही होडीत चढू नका. तुम्हाला आणखी मागे जायचंय.

दोनशे वर्षं मागे, की तीनशे? इथे साल सांगता येत नाही, कारण लिहिणारं टेबलच नाही. नावाच्या शेवटचा ‘पुलोस’ आता सुटायला लागतो. तो मुळात लॅटिनमधून आलेला, ‘पुल्लुस’ म्हणजे पिल्लू, पाखराचं किंवा जनावराचं. ग्रीकांनी तो माणसाच्या लेकराला लावला, आणि पेलोपोनीझमध्ये तो असा रुजला की घरोघरी झाला. स्तेफानोपुलोस: स्तेफानोसचं पिल्लू. हे अजून आडनाव नाही. ही अजून फक्त हाक आहे, गल्लीत एकाच नावाची चार पोरं असली की कुणाचं कोण ते कळावं म्हणून घातलेली.

आणि ‘स्तेफानोस’? मुकुट, फुलापानांचा. मनोऱ्यांमधल्या अंगणात आज लग्न आहे, चला. धर्मगुरू वधूवरांच्या डोक्यांवर एकेक मुकुट ठेवतो. दोन्ही मुकुट एका फितीने जोडलेले. मग तो त्यांची अदलाबदल करतो, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे, तीन वेळा. याच मुकुटांना ‘स्तेफाना’ म्हणतात, आणि ग्रीक लग्नात ते आजही असतात. मुंडावळ्या बांधलेलं कपाळ ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. नवऱ्याचं नाव तुम्ही विचारत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

काही वर्षं जाऊ द्या. त्याच अंगणात ऊन उतरलंय. ऑलिव्हच्या झाडाखाली चारपाच पोरं खडे मांडून खेळतायत. दारातून एक बाई बाहेर येते, पदराला पीठ पुसते, आणि हाक मारते, लांबवून, ‘ले’वर सूर चढवत:

‘स्तेफानोपुले!’

खड्यांवरची मान वळते.